वाटीवर दोनदा

बार्शी, ११ एप्रिल

प्रिय आनंदी,
अनेक आशीर्वाद.

पाकिटात दोन कागद आहेत. मोठ्या अक्षरातला आईसाठी, तो तिला सावकाश वाचून दाखव. हा घडी घातलेला तुझा. तो स्वयंपाकघरात जाऊन वाच.

अर्धांगवायूने आईची वाचा गेलीय हे माहीत होतं, तरी परवाचा फोन माझ्या डोक्यातून जात नाही. मी नुसतं "आई, मी विनया" म्हटलं आणि ती उत्तर द्यायला धडपडली. शब्द फुटेना, मग रडं, मग तो ठसका. तू फोन काढून घेतलास तरी मला सगळं ऐकू येत होतं. तुमच्या त्या गिळायला शिकवणाऱ्या गुरलीन मॅडम म्हणतात तेच बरोबर, फोन नकोच. पत्रांची कल्पना मात्र मला आवडली. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा आई मला दर सोमवारी पत्र टाकायची आणि त्यात निम्म्या सूचना असायच्या. आता सूचना देण्याची पाळी माझी.

मला तिकडे येता येत नाही. तुला माहीत आहे तरी पुन्हा लिहिते, कारण मलाच ते रोज कुणाला तरी सांगावंसं वाटतं. अण्णांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, नेणं-आणणं माझ्याकडे, हे नोकरीच्या निमित्ताने महिन्यातले वीस दिवस बाहेर. सासरे असले तरी अण्णांना दिवसाला मोजून एक लिटर पाणी. बाटलीवर पेनाने खुणा करून ठेवते आणि खुणेखाली एक घोट गेला तर आमच्या घरात भांडण होतं. त्यात केकचे क्लास.

अच्युत म्हणाला, आईचं वजन एकेचाळीस किलोवर आलंय आणि असंच चाललं तर डॉक्टर नाकातून नळी परत घालणार. नळी नको गं. मागच्या वेळी तिने ती दोनदा उपसून काढली म्हणून तिचा चालता हात कॉटला बांधून ठेवला होता. तो फोटो तुझ्या त्या नवऱ्याने, माझ्या भावाने, मला का पाठवला कोण जाणे. काय वाट्टेल ते कर, पण तिच्या पोटात तोंडावाटे अन्न घाल.

मला एक सुचलंय. दिवाळीत आई इथे होती तेव्हा माझ्या क्लासमध्ये पन्ना कोट्टा शिकवत होते. इटलीकडचा गोड पदार्थ, साय आणि दुधाचा, फ्रिजमध्ये लावायचा आणि वर फळांचा रस घालायचा. आईने आधी विचारलं, हे राजस्थानातलं का? मग विचारलं, यात अंडं आहे का? मग, नाही तर हे उभं कशाने राहतं? मी म्हटलं, चायना ग्रासने, समुद्रातल्या शेवाळाचं असतं ते. मग तिने दोन वाट्या खाल्ल्या. पावात अंडं असेल म्हणून बेकरीवाल्याला भंडावून सोडणारी बाई दोन वाट्या खाते म्हणजे काय ते समज.

कृती सोपी आहे. एक वाटी क्रीम, एक वाटी दूध, पाव वाटी साखर. चायना ग्रासच्या काड्या भिजवून वेगळ्या पातेल्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळायच्या. गरम क्रीममध्ये गरमच ओतायच्या, नाहीतर गुठळ्या होतात. गाळून वाट्यांत भर आणि पाच-सहा तास फ्रिजमध्ये ठेव. वर तिकडचं जे फळ असेल ते.

करशील ना? तुला स्वयंपाकाचा कंटाळा आहे हे मला ठाऊक आहे, पण ही परीक्षा आहे असं समज.

तुझी,
विनयाताई


चंदीगड, २० एप्रिल

सौ. विनयाताईंना
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा आईंनी ते माझ्या हातातून घेतलं आणि उशीखाली सरकवलं. आता बोलणं कसं चालतं ते सांगते. हातात वाटी द्यायची. एकदा बोट आपटलं की हो, दोनदा आपटलं की नाही. गुरलीन मॅडमनी शिकवलं आणि आई एका दिवसात शिकल्या. "त्यांना समजत नाही" असं डॉक्टर म्हणाले होते, त्यांना ही वाटी दाखवायला हवी. आईंना सगळं समजतं. भाडं वाढवायला घरमालकीण आल्या तेव्हासुद्धा दोनदा वाजली.

तुमचा पन्ना कोट्टा केला. पहिला बिघडला, काड्या नीट विरघळल्या नाहीत आणि शेवया घातल्यासारखं दिसत होतं. अच्युतने ते मुकाट्याने खाल्लं. दुसरा जमला. सेक्टरच्या अपनी मंडीत, म्हणजे इथल्या शेतकऱ्यांच्या बाजारात, शेवटच्या स्ट्रॉबेऱ्या मिळाल्या, त्या साखरेत आटवून घट्ट केल्या.

द्यायच्या आधी गुरलीन मॅडमना दाखवला. त्या मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. आईंना पातळ काहीही चालत नाही, ताई. पाणीसुद्धा पावडर घालून मधासारखं दाट करून चमच्याने द्यावं लागतं. अर्धवट गिळलं गेलं की श्वासाच्या नळीत उतरतं म्हणे. म्हणून मॅडम प्रत्येक पदार्थ आधी स्वतः बोटांनी दाबून बघतात. पन्ना कोट्टा त्यांनी चमच्याने घोटला, लापशीसारखा केला, चव घेतली, बराच वेळ तोंडात धरून ठेवला. मग म्हणाल्या, "ठीक है। किससे जमाया? चायना ग्रास? तो ऐसे ही मसल के देना, आधा-आधा चम्मच, सीधा बिठाकर।"

आईंनी सहा चमचे खाल्ले. मार्चपासून त्यांनी कशाचेही सहा चमचे खाल्ले नव्हते. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, हे तुम्हालाच सांगते.

पण सातव्या चमच्याला वाटी दोनदा वाजली. मग त्यांनी डावा हात पसरून हळूहळू हलवला, थरथरल्यासारखा. आधी मला वाटलं त्यांना थंडी वाजतेय. नंतर लक्षात आलं, तुमच्याकडचा तसा हलायचा का? माझा हलत नाही. खरवसासारखा उभा राहतो.

वजन परवा पुन्हा केलं. चाळीस किलो सातशे. डॉक्टरांनी महिनाअखेरपर्यंत थांबू म्हटलंय.

आपली,
आनंदी


बार्शी, २८ एप्रिल

प्रिय आनंदी,

वरचा कागद आईचा. त्यात कॉलनीतल्या बायकांच्या गमतीजमती आहेत. हा वाचून झाला की फाडून टाक.

हात हलवून दाखवला म्हणालीस आणि मी हसलेही, रडलेही. बाईला नेमकं आठवतंय. अगं, तो हललाच पाहिजे. वाटी उलटी केली की ताटलीत तो नुसता थरथरतो, आणि जिभेवर ठेवल्या ठेवल्या त्याचं पाणी होतं. चावायचं नाही, घोटायचं नाही, काही करायचं नाही. हीच त्याची परीक्षा. मी क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगते, तोंडात विरघळला नाही तर त्याला पन्ना कोट्टा म्हणू नका.

आता खरं सांगते. आईने दिवाळीत खाल्ला त्यात चायना ग्रास नव्हतं. जिलेटिन होतं. हो, जनावरांच्या हाडा-कातड्याचं. क्लासमध्ये मी तेच वापरते. कुणी विचारलं तर चायना ग्रास म्हणते, कारण इथे निम्म्या बायका एकादशीवाल्या आहेत. आईलाही तेच म्हटलं. तिने खाल्लं, तिला आवडलं, आकाश कोसळलं नाही. पापबिप असेल तर माझ्या माथी.

पाकिटात जिलेटिनच्या पाच पुड्या घातल्यात. एका पुडीत चार छोट्या वाट्या होतात, दोन दिवसांचं काम. पुडी चार चमचे थंड पाण्यात शिंपडून दहा मिनिटं फुगू दे. क्रीम-दूध-साखर वाफ येईपर्यंत तापव, उकळू नकोस, गॅस बंद करून त्यात फुगलेलं जिलेटिन ढवळ. बाकी तेच.

अच्युतला सांगू नकोस, त्याला आईपुढे खोटं बोलता येत नाही. लहानपणी त्याच्यामुळे मी किती मार खाल्लाय. आईला तर कळूच देऊ नकोस. तिच्यासमोर कुणापुढेही हा शब्द काढू नकोस. बोलता येत नसलं तरी तिचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत.

सोवळं-ओवळं मला शिकवू नकोस, आधीच सांगते. एकेचाळीस किलोची बाई चाळीसवर आलीय. नळी की जिलेटिन, एवढाच प्रश्न आहे.

तुझी,
विनयाताई


चंदीगड, १५ मे

सौ. विनयाताईंना
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आल्यावर आठवडाभर मी काहीच केलं नाही. पुड्या मसाल्याच्या डब्यामागे ठेवल्या होत्या आणि डबा काढला की त्या दिसायच्या. आई मला लग्नानंतर पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "तू काय खातेस ते मी विचारणार नाही, माझ्या ताटात काय येतं ते मला खरं सांग." हे एकच त्यांनी माझ्याकडे मागितलं होतं.

पण महिनाअखेरीला वजन चाळीसच्या खाली गेलं होतं. डॉक्टरांनी नळीसाठी वीस मे ही तारीख दिली होती. ती तारीख त्यांनी आईंसमोर सांगितली. त्या दिवशी आईंनी घरी येऊन डावा हात पदराखाली लपवला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर काढला नाही.

मग मी केलं. अक्षय्य तृतीयेला. मुद्दाम तो दिवस धरला असं नाही, आडू, म्हणजे इकडचे पीच, चांगले मिळाले म्हणून. उकळत्या पाण्यातून काढून सालं सोलली, साखरेत शिजवून ठेचले. पांढऱ्यावर तो केशरी रंग इतका छान दिसत होता की मी फोटो काढला आणि मग पुसून टाकला.

ताई, तो हलला. आईंनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पहिला चमचा तोंडात गेला आणि त्यांनी डोळे मिटले. मी घोटायला गेले तर घोटण्यासारखं काही नव्हतंच, जिभेवर जाताच संपत होता. अख्खी वाटी खाल्ली. ठसका नाही, खोकला नाही, काही नाही. वाटी एकदा वाजली. मी विचारलं, अजून? पुन्हा एकदा. दुसरी अर्धी वाटी खाल्ली. अच्युत ऑफिसातून आला तेव्हा मी त्याला नुसत्या रिकाम्या वाट्या दाखवल्या. तो मोजे न काढता आईंच्या पायाशी बसून राहिला.

तेव्हापासून रोज दोन वाट्या चालल्यात.

काल मंगळवार होता, गुरलीन मॅडम आल्या. वजन साडेतीनशे ग्रॅम वाढलेलं बघून खूश झाल्या. वाटी उचलून म्हणाल्या, "वही चायना ग्रास वाला है ना?" आई समोरच बसल्या होत्या, हातात चमच्यासकट दुसरी वाटी. मी हो म्हटलं. तेवढ्यात आईंनी वाटी वाजवली, दोनदा. मॅडमनी विचारलं, "क्या नहीं, माताजी?" मी म्हटलं, आज गिळायचे व्यायाम नको म्हणतायत, थकल्यात. मॅडम हसल्या, "चलो, आज छुट्टी." आईंनी परत दोनदा वाजवली, पण तोवर मॅडम चप्पल घालत होत्या. त्यांना पुढे पिंजौरला एक पेशंट आहे, बस चुकली की तासभर जातो.

तीन पुड्या संपत आल्यात. उरलेल्या संपल्या की परत चायना ग्रासवर येईन म्हणते. मला आईंच्या डोळ्यांत बघायला जड जातं. तुमच्यासारखं धीट होता येत नाही मला.

वीस तारखेची नळी मात्र टळली असं डॉक्टर आजच फोनवर म्हणाले. हे तुमच्यामुळे.

आपली,
आनंदी


बार्शी, ९ जून

आनंदी,

फोनवर बोलले तर मी ओरडेन आणि अच्युत मध्ये पडेल, म्हणून लिहिते.

तुझं पंधरा तारखेचं पत्र माझ्या हातात वीसला पडलं. "नळी टळली, हे तुमच्यामुळे" हे वाक्य मी वाचत होते आणि अच्युतचा फोन आला की आईला दोन दिवस ताप आहे, अतिदक्षता विभागात नेलंय. बावीसला ती गेली. मी आले तेव्हा तिचा चेहरासुद्धा झाकलेला होता, कापड सरकवलं तर नळ्यांच्या पट्ट्यांचे डाग गालावर होते. जी नळी नको म्हणून एवढं केलं, तसल्या चार नळ्या तिच्यात घातल्या होत्या.

तीन दिवस तुझ्या घरी राहिले आणि याबद्दल काही बोलले नाही, कारण माणसं येत-जात होती. डॉक्टरांनी अच्युतला सांगितलं ते मी ऐकलंय. अन्न फुफ्फुसात गेलं, त्याने न्यूमोनिया झाला. तुझ्या ओट्यावर चायना ग्रासचं पाकीट मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, फोडलेलं, अर्धं संपलेलं. तू लिहिलंच होतंस की तू परत त्याच्यावर येणार. तुझं ते धीट नसणं! ताटात काय येतं ते खरं सांगायचं होतं ना तुला? मी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, तोंडात विरघळलं पाहिजे. चायना ग्रास विरघळत नाही, त्याचे तुकडे होतात. असला एखादा तुकडा तिच्या घशात राहिला. जो पदार्थ ती डोळे मिटून, न खोकता खात होती तो बंद करून तू तिला परत खरवस भरवलास, स्वतःच्या मनाला बरं वाटावं म्हणून.

मी तिथे असते तर हे झालं नसतं. हे मला आयुष्यभर पुरेल.

आईच्या उशीखालची माझी पत्रं पाठवून दे. बाकी काही नको.

विनया


चंदीगड, १८ जून

सौ. विनयाताईंना
नमस्कार.

पत्रं सोबत पाठवते आहे. मधे तुम्ही आईंना टाकलेली कार्डं धरून सहा आहेत. एकावर आडूचा डाग पडलाय, तो आईंच्या बोटाचा आहे, म्हणून पुसायला गेले नाही.

तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. पुड्या संपल्या होत्या आणि शेवटचे दिवस मी चायना ग्रासचं केलं होतं. चूक माझी आहे. अच्युतला मी अजून काही सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगायचं असेल तर माझी हरकत नाही.

अण्णांची तब्येत जपा.

आनंदी


बार्शी, २ ऑगस्ट

आनंदी,

दीड महिना मी तुला लिहिलं नाही आणि तूही लिहिलं नाहीस. अच्युत फोनवर म्हणतो, तू जेवत नाहीस. मी त्याला म्हटलं, जेवेल. एवढंच म्हटलं. आज त्याची लाज वाटते.

कालची गोष्ट सांगते. अण्णांच्या अंगावर पुन्हा सूज आली. डायलिसिसच्या केंद्रात नवीन आहारतज्ज्ञ आलीय, ईश्वरी नावाची, पंचविशीची पोरगी. तिने विचारलं, दिवसभरात पाणी किती? मी तोऱ्यात बाटली दाखवली, खुणांसकट. एक थेंब जास्त नाही म्हटलं. मग विचारलं, बाकी काय खातात? मी सांगितलं, पाणी मागून भांडतात म्हणून संध्याकाळी दोन वाट्या पन्ना कोट्टा देते, घरचाच, थंड असतो, घशाला बरं वाटतं.

ती म्हणाली, "मॅडम, जिलेटिनचा का? मग ते पाण्यातच धरायचं. जेली, आइस्क्रीम, सगळं. वाटीत घट्ट दिसतं, पण तोंडाच्या उबेला त्याचं पाणी होतं. घशाखाली उतरतं ते पाणीच."

आनंदी, मी पंधरा वर्षं तो पदार्थ शिकवते. जिभेवर पाणी होतं हे वाक्य मी हजार बायकांना सांगितलंय. तुलाही लिहून पाठवलं होतं, माझ्याच अक्षरात. आणि तुझं त्याच्या आधीचं पत्र काल पुन्हा काढून वाचलं. "आईंना पातळ काहीही चालत नाही, ताई. पाणीसुद्धा पावडर घालून." ते पत्र हातात धरूनच मी तुला उत्तर लिहिलं होतं. वाचलं होतं, आणि मला त्यातून फक्त एवढंच दिसलं होतं की तुझा पन्ना कोट्टा हलत नाही.

मी ईश्वरीला विचारलं, गिळता न येणाऱ्या माणसाला दिलं तर? ती म्हणाली, "छे, त्यांना तर अजिबात नाही." आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

आता मला एक सांग. तू शेवटी काय घातलं होतंस? मला वाचवायला लिहू नकोस. अच्युतची शपथ घालणार नाही, तसल्या शपथा आईला आवडायच्या नाहीत. पण खरं लिही. मला वाटतं मला उत्तर माहीत आहे. तरी मला ते तुझ्या हातचं हवं.

विनया


चंदीगड, ११ ऑगस्ट

विनयाताई,

खरं लिहिते.

चायना ग्रास मी अकरा एप्रिलच्या तुमच्या पत्रानंतर आणलं होतं. ते पाकीट तेव्हाच फोडलेलं आहे. अक्षय्य तृतीयेपासून ताप येईपर्यंत रोज तुमच्याच पुड्या होत्या. चार संपल्या, पाचवी अजून मसाल्याच्या डब्यामागे आहे. पुड्या संपल्या हे मी खोटं लिहिलं.

तेराव्या दिवसानंतर गुरलीन मॅडम भेटायला आल्या, तेव्हा मी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन पुडी दाखवली. त्यांनी पुडी उलटून मागचं छापलेलं वाचलं. मग तुमच्या ईश्वरीने सांगितलं तेच त्यांनी सांगितलं. आणखी एक सांगितलं. अशा माणसांना पाणी चुकीच्या नळीत गेलं तरी दर वेळी खोकला येतोच असं नाही. आत काहीच कळत नाही, ते गुपचूप जात राहतं. म्हणजे आई डोळे मिटून खात होत्या आणि मी पाठमोरी होऊन डोळे पुसत होते, तेव्हा रोज थोडं थोडं ते आत उतरत होतं. जाताना मॅडम म्हणाल्या, "मैंने पूछा तो था, बेटा." रागाने नाही म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तुमचं नऊ जूनचं पत्र आलं. त्यात तुम्ही मला चायना ग्रासचा दोष दिला होता. ताई, मी तुम्हाला वाचवायला तो घेतला असं तुम्हाला वाटेल. थोडं तसंही होतं. तुमच्याकडे अण्णा आहेत, तुम्हाला उभं राहायला हवं, असा विचार मी केला. पण खरं कारण ते नाही. मी जे केलं होतं त्यापेक्षा तुम्ही लावलेला दोष हलका होता. घशात तुकडा अडकला, सुनेचा हलगर्जीपणा झाला, एवढं मला सोसवलं असतं. म्हणून मी तो पटकन उचलला.

तुम्ही पुड्या पाठवल्यात, हे खरं. पण तुम्ही बाराशे मैलांवर होतात, आणि ज्या बाईला या गिळण्यातलं सगळं कळत होतं ती माझ्यासमोर वाटी हातात घेऊन उभी होती. तिने मला सरळ विचारलं. मी खोटं बोलले. का, तर आई ऐकत होत्या. मेल्या जनावराचं काहीतरी त्यांच्या तोंडात घातलंय हे त्यांना कळू नये म्हणून.

आणि आता ते लिहिते जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या मंगळवारी वाटी दोनदा वाजली. मॅडमनी विचारलं, क्या नहीं. मी म्हटलं, व्यायाम नको म्हणतायत. तुम्हाला पत्रातही मी तसंच लिहिलं, सहज लिहिल्यासारखं. पण व्यायामाचं तर तोवर कुणी नावही काढलं नव्हतं. विचारलं होतं ते एकच. वही चायना ग्रास वाला है ना?

आईंना माहीत होतं, ताई. पहिल्या चमच्यापासून माहीत असणार. वाटीकडे पाहून माझ्याकडे पाहिलं होतं ते मला आता झोपेतही दिसतं. कदाचित दिवाळीत तुमच्याकडेही त्यांना कळलं होतं आणि लेकीने मन लावून केलंय म्हणून त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. माझ्याकडेही तशाच खाल्ल्या. आपल्याला वाटलं आपण त्यांना फसवतोय. त्या आपल्या दोघींच्याही हातचं सगळं समजून खात होत्या. पण परक्या बाईने विचारलं तेव्हा त्यांना खोटं चाललं नाही. ताटात काय येतं ते खरं सांगावं, एवढंच त्यांचं होतं.

तेव्हा मला कळलं होतं का, हे मी स्वतःला रोज विचारते. लगेच म्हणावंसं वाटतं, नाही कळलं. पण मी व्यायामाचं इतक्या चटकन बोलले, की थोडं कळल्याशिवाय माणूस इतक्या चटकन बोलत नाही.

ती वाटी मी वापरातून काढलेली नाही. अच्युत तिच्यातून दही खातो. त्याला मी रविवारी सगळं सांगणार आहे, तुमच्या पुड्यांसकट आणि माझ्या खोट्यासकट. तुम्हाला आधी कळावं म्हणून आज लिहिलं.

तुम्ही इथे आला होतात तेव्हा एकदाच विचारलं होतंत, आईला शेवटी काही सांगायचं होतं का. मी तेव्हा नाही म्हटलं होतं. त्यांनी सांगितलं होतं, ताई. दोनदा वाजवली, आणि मॅडम दारात गेल्यावर पुन्हा दोनदा. मधे मी उभी होते.

आनंदी